स्वतःचा पतअहवाल पाहणे आणि पतगुणांक : शिरूर व दौंड तालुक्यांतील कर्जदारांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

स्वतःचा पतअहवाल पाहिल्यास पतगुणांक घटतो, असा समज ग्रामीण व निमशहरी कर्जदारांमध्ये सर्रास ऐकू येतो. प्रस्तुत लेखात हा समज निराधार कसा आहे, तो कोणत्या गोंधळातून निर्माण होतो आणि अहवाल न पाहिल्याने कर्जदाराचे कोणते नुकसान होते, याचे विवेचन केले आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांचा संदर्भ त्यासाठी घेतला आहे. १८७५ च्या दख्खनमधील शेतकरी उठावाच्या वेळी ऋणकोला आपला हिशेब पाहता यावा, हा प्रश्न याच परिसरातून पुढे आला होता. पतअहवाल पाहण्याचा आजचा अधिकार हा त्याच प्रश्नाचा पुढचा टप्पा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : पतअहवाल, पतगुणांक, कर्जचौकशी, स्वचौकशी, पतमाहिती कंपनी, पीककर्ज, शिरूर, दौंड.

१. प्रस्तावना

जमिनीचा कोणताही व्यवहार करण्यापूर्वी शेतकरी सातबाऱ्याचा उतारा काढून पाहतो. इतर हक्कांच्या रकान्यात कोणत्या सोसायटीचा वा बँकेचा बोजा आहे, फेडलेल्या कर्जाचा बोजा उतरला आहे की नाही, हे तो तपासतो. उतारा काढल्यामुळे आपले क्षेत्र एका गुंठ्यानेही कमी होत नाही, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. मात्र हाच शेतकरी आपल्या कर्जव्यवहारांचा उतारा, म्हणजे पतअहवाल, पाहण्यास कचरतो. ‘सिबिल सारखे बघू नये, बघितले की ते कमी होते,’ हे वाक्य बँकेच्या बाकावर, वाहनांच्या शोरूममध्ये आणि सुशिक्षित नोकरदारांच्या घरीही ऐकावयास मिळते.

हा समज वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि त्याचे परिणाम किरकोळ नाहीत. अहवालातील चूक कर्जदाराला कर्जाचा अर्ज फेटाळला जाईपर्यंत कळत नाही आणि कळते तेव्हा पेरणीचा हंगाम, प्रवेशाची मुदत किंवा घराच्या व्यवहाराची तारीख डोक्यावर आलेली असते. म्हणून या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार होणे आवश्यक आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी : हिशेब पाहण्याचा प्रश्न

शिरूर व दौंड हा भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचा प्रदेश आहे. आजच्या दौंड व बारामती परिसराचा बराच भाग पूर्वी भीमथडी तालुका म्हणून ओळखला जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील कुणबी शेतकरी सावकारी कर्जात बुडाला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला आलेली तेजी ओसरली. पुढे जमीन महसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे रोख्याची मुदत तीन वर्षांपुरती झाली होती. ऋणकोचे संरक्षण हा त्या कायद्याचा हेतू होता. परंतु प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची रीत पडली. रोख्यावर काय लिहिले आहे हे अंगठा उमटविणाऱ्याला वाचता येत नव्हते आणि सावकाराची वही त्याला पाहावयास मिळत नव्हती.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी एका देशमुखाच्या मालमत्तेवर सावकाराने हुकूमनामा बजावला. गावकऱ्यांनी त्यावर सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथील बाजारात उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांच्या अनेक गावांत पसरला. या उठावात लोकांचे मुख्य लक्ष्य सावकारांजवळचे रोखे, हुकूमनामे व दस्तऐवज हे होते. कागद निमूटपणे हवाली केले गेले तेथे पुढील हिंसा सहसा झाली नाही. ज्या कागदावर आपले भवितव्य अवलंबून आहे, पण जो आपल्याला वाचता वा तपासता येत नाही, तो कागदच नष्ट करणे हा एकच उपाय लोकांना दिसला.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट अस्तित्वात आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. या कायद्याची चर्चा करताना जमिनीच्या जप्तीवरील निर्बंधांचा उल्लेख नेहमी होतो. त्यातील दुसरी एक तरतूद मात्र दुर्लक्षित राहते. शेतकरी ऋणकोला भरलेल्या रकमेची लेखी पावती, खात्याचा वार्षिक हिशेब आणि पासबुकात उतरवून दिलेले खाते मागण्याचा अधिकार या कायद्याने दिला. ऋणको आपला हिशेब पाहू शकतो आणि तसे पाहणे हा त्याचा हक्क आहे, हे तत्त्व या परिसराच्या निमित्ताने कायद्यात आले. प्रस्तुत विषयाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

३. पतमाहितीची आजची व्यवस्था

पूर्वी कर्जदाराची पत त्या त्या गावच्या सोसायटीच्या सचिवाला किंवा शाखाधिकाऱ्याला ठाऊक असे. कर्जव्यवहार वाढले, एकाच व्यक्तीची कर्जे अनेक संस्थांत विखुरली आणि ही वैयक्तिक ओळख अपुरी ठरली. १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दिकी समितीने पतमाहिती केंद्राची शिफारस केली. त्यानुसार २००० मध्ये क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड, म्हणजे ‘सिबिल’, ही कंपनी स्थापन झाली. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा संमत होऊन डिसेंबर २००६ पासून तो अंमलात आला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्या भारतात हे काम करतात. ‘सिबिल’ हा शब्द बोलीत गुणांकाचा पर्याय झाला असला, तरी ते चारांपैकी एका कंपनीचे नाव आहे, हे लक्षात ठेवणे इष्ट आहे.

बँका, वित्त कंपन्या, गृहवित्त संस्था व सूक्ष्मवित्त संस्था आपल्या कर्जदारांच्या खात्यांची माहिती या कंपन्यांना नियमाने पुरवितात. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जसंस्थांना चारही कंपन्यांचे सभासदत्व बंधनकारक केले. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती किमान पंधरवड्याने पाठविणे आवश्यक झाले.

पतअहवाल व पतगुणांक यांत भेद आहे. अहवाल ही नोंदवही आहे. तीत व्यक्तीची ओळख, पत्ता, प्रत्येक कर्जाची मंजूर रक्कम, शिल्लक, हप्ते भरण्यातील विलंबाचे दिवस आणि कर्जासाठी झालेल्या चौकश्या यांची नोंद असते. गुणांक हा त्या नोंदींवरून गणिती पद्धतीने काढलेला अंक होय. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० या मर्यादेत असतो. अंक जितका मोठा तितकी कर्ज वेळेवर फिटण्याची शक्यता अधिक, असा त्याचा अर्थ. प्रत्येक कंपनीचे गणित वेगळे असल्याने एकाच व्यक्तीचे चार ठिकाणचे गुणांक भिन्न असू शकतात.

४. पाहणे आणि मागणे : चौकशीचे दोन प्रकार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पतअहवाल कोण पाहतो आणि कशासाठी पाहतो, यावरून चौकशीचे दोन प्रकार पडतात.

पहिला प्रकार कर्जचौकशीचा. एखाद्या व्यक्तीने कर्जासाठी किंवा क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला असता ती संस्था तिचा अहवाल मागविते. ही चौकशी अहवालात तारीख, संस्थेचे नाव, कर्जाचा प्रकार व मागितलेली रक्कम यांसह नोंदली जाते आणि पुढे अहवाल मागविणाऱ्या प्रत्येक संस्थेला ती दिसते. थोड्या काळात अशा अनेक चौकश्या झाल्या असतील, तर गुणांकावर काही प्रमाणात प्रतिकूल परिणाम होऊ शकतो.

दुसरा प्रकार स्वचौकशीचा. व्यक्ती स्वतःच आपला अहवाल मागविते. येथे कोणाकडे कर्ज मागितलेले नसते. या पाहणीची गणना गुणांक काढताना होत नाही. स्वतःचा अहवाल वर्षातून एकदा पाहिला काय किंवा दरमहा पाहिला काय, त्यामुळे गुणांक एका अंकानेही घटत नाही.

असा भेद का केला जातो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. गुणांक हा कोणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. भूतकाळातील असंख्य कर्जखात्यांचा अभ्यास करून, कोणत्या प्रकारच्या वर्तनानंतर कर्ज थकण्याचे प्रमाण अधिक असते, याचा तो अंदाज असतो. एकाच महिन्यात पाच ठिकाणी कर्ज मागणाऱ्या व्यक्तीला पैशाची निकड आहे, किंवा लवकरच तिच्यावर अनेक कर्जांचा भार पडणार आहे, असा तर्क त्या वर्तनावरून करता येतो. उलट, आपला हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीच्या परतफेडीच्या क्षमतेविषयी त्या पाहण्यावरून कोणताही प्रतिकूल तर्क निघत नाही. सावकाराकडे नवे कर्ज मागणे आणि आपल्या जुन्या खात्याची वही उघडून पाहणे या दोन क्रिया भिन्न आहेत, ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांनाही कळत होती.

हा गैरसमज केवळ आपल्याकडील नाही. पतगुणांकाची पद्धत जेथे आधी रुळली त्या अमेरिकेतही तो दीर्घकाळ आढळतो. तेथे २००३ च्या कायद्याने नागरिकांना वर्षातून एकदा विनामूल्य अहवाल मिळण्याचा हक्क दिला गेला. भारतात रिझर्व्ह बँकेच्या १ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने व्यक्तीला प्रत्येक कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण अहवाल गुणांकासह विनामूल्य देणे बंधनकारक झाले. पाहण्याने कर्जदाराचे नुकसान होत असते, तर नियामक संस्थेने तो विनामूल्य देण्याची सक्ती केलीच नसती, हा साधा तर्कही येथे पुरेसा आहे.

५. गैरसमज टिकून राहण्याची कारणे

चुकीची समजूत दीर्घकाळ टिकते तेव्हा तिला अनुभवाचा काही आधार असल्यासारखा भास होत असतो. येथे तीन कारणे दिसतात.

पहिले कारण म्हणजे ‘सिबिल काढणे’ हा एकच वाक्प्रचार दोन्ही क्रियांसाठी वापरला जातो. समजा, दौंड तालुक्यातील एक तरुण दुचाकी घेण्यासाठी शोरूममध्ये गेला. तेथील प्रतिनिधी ‘आधी सिबिल बघून घेऊ’ असे म्हणून त्याच्या काही सह्या घेतो आणि कागदपत्रे चार वित्त कंपन्यांकडे एकाच वेळी पाठवितो. त्या तरुणाच्या दृष्टीने त्याने फक्त ‘सिबिल पाहिले’. प्रत्यक्षात मात्र त्याच्या नावावर कर्जमागणीच्या चार चौकश्या नोंदल्या गेल्या. नंतर गुणांक उतरलेला दिसला की दोष पाहण्यावर जातो.

दुसरे कारण काळाच्या योगायोगाचे आहे. व्यक्ती मार्चमध्ये गुणांक पाहते आणि पुन्हा मेमध्ये पाहते. मधल्या काळात नवी माहिती कंपन्यांकडे गेलेली असते; कार्डावरील शिल्लक वाढलेली असते किंवा एखादा हप्ता उशिरा भरलेला असतो. अंक बदलतो तो त्यामुळे. परंतु व्यक्तीला आठवते ती केवळ आधीची पाहणी.

तिसरे कारण चार कंपन्यांच्या चार अंकांचे. एका भ्रमणध्वनी अ‍ॅपवर एका कंपनीचा गुणांक पाहिला आणि बँकेत दुसऱ्या कंपनीचा कमी गुणांक दाखविला गेला, तर दोन्हींच्या फरकाला ‘घट’ समजले जाते. वस्तुतः ती दोन वेगळ्या मापांची तुलना असते.

६. शिरूर व दौंडमधील कर्जदार : अहवाल पाहण्याची निकड

या दोन तालुक्यांत शेती व उद्योग शेजारी नांदतात. चासकमानच्या कालव्यामुळे शिरूरला आणि खडकवासल्याच्या उजव्या कालव्यामुळे दौंडला बागायतीचा आधार मिळाला. उलट दोन्ही तालुक्यांचे काही पट्टे अजूनही पावसावर अवलंबून आहेत. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. परिणामी एकाच कुटुंबात सोसायटीचे पीककर्ज, भावाच्या नावे दुचाकीचे कर्ज, बचत गटामार्फत किंवा सूक्ष्मवित्त संस्थेकडून घेतलेले कर्ज आणि कारखान्यात काम करणाऱ्या मुलाने भ्रमणध्वनीवरून घेतलेले छोटे कर्ज, असे सर्व प्रकार एकत्र आढळू शकतात. अशा कुटुंबाने अहवाल पाहणे पुढील कारणांसाठी आवश्यक आहे.

(अ) नावांचा घोटाळा. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. एका ठिकाणी वडिलांचे नाव पूर्ण, दुसरीकडे केवळ आद्याक्षर. रोमन लिपीत तर एकाच नावाची तीन-तीन रूपे लिहिली जातात. भावकीत एकाच नावाच्या व वडिलांच्याही एकाच नावाच्या व्यक्ती असतात. जुन्या कर्जांच्या वेळी पॅन क्रमांक घेतलेला नसेल, तर दुसऱ्याचे खाते आपल्या अहवालात शिरण्याची किंवा आपले नियमित फेडलेले खाते अहवालात न येण्याची शक्यता राहते.

(आ) कर्जमाफी व तडजोड. २००८ ची केंद्र सरकारची योजना, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना यांचा लाभ राज्यातील शेतकऱ्यांना मिळाला. लाभाची रक्कम खात्यात जमा झाल्यानंतर ते खाते अहवालात बंद व शून्य शिल्लक असे दिसते की जुनी थकबाकी तशीच दिसते, हे प्रत्येकाने स्वतः पाहिले पाहिजे. बँकेशी एकरकमी तडजोड करून कमी रकमेत खाते मिटविले असेल, तर ते ‘सेटल्ड’ म्हणून नोंदले जाते. असे खाते पूर्ण फेडीने बंद झालेल्या खात्याच्या बरोबरीचे मानले जात नाही. ‘रिटन ऑफ’ या शेऱ्याचा अर्थही बँकेने कर्ज आपल्या हिशेबातून काढले एवढाच आहे. ऋणकोची देणेदारी त्यामुळे संपत नाही.

(इ) जामीनदारी. गावगाड्यात एकमेकांना जामीन राहणे हा शेजारधर्म समजला जातो. परंतु जामीन राहिलेले कर्जही जामीनदाराच्या अहवालात येऊ शकते आणि ते थकल्यास त्याची झळ जामीनदारालाही लागते. मूळ कर्जदार हप्ते भरतो आहे की नाही, हे त्याला न विचारता कळण्याचा एक मार्ग म्हणजे आपला अहवाल पाहणे.

(ई) पैसा येण्याची वेळ व हप्त्याची वेळ. ऊस नियंत्रण आदेशानुसार गाळपास ऊस दिल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे मिळणे अपेक्षित असले, तरी ते लांबल्यास शेतकऱ्याचे इतर हप्तेही लांबतात. पीककर्ज अनुत्पादक ठरविताना पीकहंगामाचा निकष लावतात, म्हणजे अल्पमुदतीच्या पिकांसाठी दोन व दीर्घमुदतीच्या पिकासाठी एक हंगाम. पण दुचाकीच्या कर्जाला ९० दिवसांचा निकष लागतो. त्याआधीच्या विलंबाचे दिवसही अहवालात नोंदले जातात. कोणत्या कर्जातील उशीर आपल्याला अधिक महाग पडला, हे अहवालातूनच स्पष्ट होते.

पीककर्जासाठी गुणांकाची अट असावी की नसावी, हा स्वतंत्र धोरणात्मक प्रश्न आहे. २०२५ च्या मे महिन्यात राज्यस्तरीय बँकर समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शेतकऱ्यांना कर्ज देताना सिबिलची अट घालू नये असे बँकांना बजावले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५ च्या निदेशांत, पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे सूचित केले आहे. तथापि पीककर्जाखेरीज शेतकरी कुटुंबाला ट्रॅक्टर, घर, शिक्षण, गोठा यांसाठी कर्ज लागतेच. तेथे अहवालाचा प्रश्न उपस्थित होतो.

७. अहवालाचे वाचन

अहवाल हाती आल्यावर प्रथम अंकाकडे पाहण्याचा मोह होतो. तो टाळून पुढील क्रमाने वाचन करणे हितावह आहे. आरंभी नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता व दूरध्वनी क्रमांक तपासावेत. अनोळखी पत्ता आढळल्यास दुसऱ्याची माहिती मिसळल्याची शंका घ्यावी. त्यानंतर प्रत्येक खाते आपलेच आहे काय, ते स्वतःचे, संयुक्त की जामीनदार म्हणून आहे, ते पाहावे. फेडलेल्या कर्जापुढे बंद झाल्याची तारीख व शून्य शिल्लक आहे काय, हे तपासावे. सिबिलच्या अहवालात मागील ३६ महिन्यांपर्यंतच्या विलंबाचे दिवस महिनावार दिलेले असतात. तेथे तीन शून्ये म्हणजे विलंब नाही. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती संस्थेने पाठविलेली नाही. हा दुसरा शेरा पाहून घाबरण्याचे कारण नाही. शेवटी चौकश्यांचा रकाना पाहावा. आपण अर्ज केलेला नसताना एखाद्या संस्थेची चौकशी दिसली, तर आपल्या कागदपत्रांचा गैरवापर झाला असण्याची शक्यता असते. ती वेळीच कळणे हाही अहवाल पाहण्याचा मोठा लाभ आहे.

चार कंपन्यांकडून वर्षाला चार विनामूल्य अहवाल मिळत असल्याने ते एकाच दिवशी न काढता दर तिमाहीस एक याप्रमाणे काढता येतात. त्यांतील एक मार्चअखेरचा भरणा नोंदला गेल्यानंतर, नव्या हंगामाच्या कर्जाची मागणी करण्यापूर्वी काढणे शेतकऱ्याच्या सोयीचे ठरेल.

८. चुकीच्या दुरुस्तीचा मार्ग

अहवालात चूक आढळल्यास पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदविता येते. मात्र कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. ती माहिती पाठविणाऱ्या कर्जसंस्थेकडे खातरजमा करते. म्हणून त्याच वेळी संबंधित शाखेकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी आणि सोबत बेबाकी दाखला, म्हणजेच नो ड्यूज, व भरणा पावत्या जोडाव्यात. मुळाशीच दुरुस्ती झाली म्हणजे ती चारही कंपन्यांकडे पोहोचण्याचा मार्ग मोकळा होतो.

रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी जाहीर केलेल्या व एप्रिल २०२४ पासून अंमलात आलेल्या व्यवस्थेनुसार, तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निवारण न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावयाची आहे. कर्जसंस्थेने सुधारित माहिती २१ दिवसांच्या आत पाठविली नाही, तर भरपाईचा भार तिच्यावर; तिने वेळेत पाठवूनही विलंब झाला, तर पतमाहिती कंपनीवर. उदाहरणार्थ, तक्रारीचे निवारण ४८ व्या दिवशी झाले, तर १८ दिवसांचे १८०० रुपये देय होतात. त्यासाठी तक्रारीची तारीख सिद्ध करणारी पोच जवळ असणे महत्त्वाचे आहे. याच व्यवस्थेत, कर्जसंस्थेने आपला अहवाल पाहिल्यास त्याची सूचना लघुसंदेश वा ई-मेलद्वारे व्यक्तीला मिळावी, अशीही तरतूद आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल व्यवस्थेच्या कक्षेत आल्या; त्यामुळे समाधान न झाल्यास तेथे दाद मागता येते.

२००५ च्या कायद्यातील आणखी एक तरतूद फारशी परिचित नाही. कर्जासाठी अर्ज केलेल्या व्यक्तीला, त्या संस्थेने मिळविलेल्या पतमाहितीची प्रत त्याच संस्थेकडे मागता येते. ‘तुमचे सिबिल बसत नाही’ एवढ्या तोंडी उत्तरावर परत न फिरता प्रत मागणे हा अर्जदाराचा अधिकार आहे.

९. काही दक्षता

स्वचौकशी निरुपद्रवी असली, तरी ती कोठे व कशी करावी याबाबत सावधगिरी हवी. चारही कंपन्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरून अहवाल मिळविणे सर्वांत सुरक्षित होय. ‘मोफत स्कोअर’ दाखविणारी अनेक अ‍ॅप कर्जविक्रीही करतात. त्यांवर गुणांक पाहणे वेगळे आणि त्याच पडद्यावरील कर्जाच्या प्रस्तावावर होकार देणे वेगळे. दुसऱ्या क्रियेतून कर्जचौकशी सुरू होते. आपला ओटीपी मध्यस्थाला सांगू नये. ‘पैसे द्या, सिबिल वाढवून देतो’ असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यास मध्यस्थ लागत नाही आणि खरी नोंद कोणत्याही मध्यस्थाला पुसता येत नाही. शोरूममध्ये सही करण्यापूर्वी कागदपत्रे किती संस्थांकडे जाणार, हे विचारून घ्यावे.

अहवाल पाहिल्याने गुणांक घटत नाही, तसा तो पाहण्याने वाढतही नाही, हेही नमूद केले पाहिजे. वाढतो तो वेळेवर भरलेल्या हप्त्यांनी, आटोक्यातील कर्जांनी आणि चुकीच्या नोंदींच्या दुरुस्तीने. खरोखर थकलेल्या कर्जाचा प्रश्न अहवाल पाहून सुटत नाही. तो उत्पन्नाचा व शेतमालाच्या भावाचा प्रश्न आहे.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, स्वतःचा पतअहवाल पाहणे आणि कर्ज मागणे या दोन भिन्न क्रिया असून गुणांकावर परिणाम होतो तो दुसऱ्या क्रियेचा. दोहोंना एकच नाव मिळाल्याने भीती निर्माण झाली आणि त्या भीतीमुळे कर्जदार आपल्या हाती असलेला विनामूल्य अधिकार वापरीनासा झाला. गावोगावच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभा, बचत गटांच्या बैठका आणि महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे विभाग यांनी हा भेद समजावून देण्याचे काम हाती घेतल्यास त्याचा उपयोग होईल. घरातील शिकलेल्या मुलामुलींनी आई-वडिलांचा अहवाल त्यांच्यासमोर काढून त्यांना वाचून दाखविला, तर आरंभ घरापासून होईल.

दीडशे वर्षांपूर्वी कर्डे व सुपे येथील शेतकऱ्याला आपल्या नावावर काय लिहिले आहे हे पाहता येत नव्हते. म्हणून त्याने तो कागद जाळला. आज तो कागद मागितल्याबरोबर मिळतो आणि त्यातील चुकीबद्दल जाबही विचारता येतो. तो न पाहणे म्हणजे इतक्या कष्टाने मिळालेला हिशेबाचा हक्क आपण होऊन सोडून देणे होय.